तायडे सिस्टरचं मनगट

“दिगंबर, जोर पुष्कळ आहे रे तुझ्या हातात. पण समोरच्याच्या हातात काय चाललंय, ते तुला कळत नाही. सिस्टरकडून शीक जरा,” नेहेते सर म्हणाले.

सगळा क्लास ऐकत होता. मी गादीवरून नुकताच उठत होतो, कारण तायडे सिस्टरनी मला तिसऱ्यांदा पाडलं होतं. मी चोवीस वर्षांचा, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. त्या अडतीस वर्षांच्या, दवाखान्यात नर्स, दोन मुलांची आई, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. त्या दिवशी मी मुद्दाम अंग ताठ ठेवलं होतं. बघू कशा पाडतात ते. त्यांनी माझं मनगट धरलं, मी ज्या बाजूला रेटत होतो त्याच बाजूला माझ्याबरोबर दोन पावलं चालल्या, हात जरासा वळवला आणि मी पाठीवर. मागे बसलेल्या कॉलेजच्या मुली खुदकन हसल्या.

“आता तुझी पाळी,” सर म्हणाले आणि पलीकडच्या जोडीकडे वळले.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एक जुना पत्र्याचा हॉल होता, तिथे सकाळी साडेपाच ते सात आमचा जुजुत्सूचा क्लास चालायचा. सातनंतर पत्रा तापायचा आणि आत उभं राहवायचं नाही. नेहेते सर लोको शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. नोकरीत अकरा वर्षं मुंबईला परळला होते, तिथे ही विद्या शिकले आणि परत येताना घेऊन आले. माणूस अगदी किडकिडीत. रस्त्यात भेटले तर पोस्टमन वाटावेत. डावांची जपानी नावं त्यांना तोंडपाठ होती, पण आम्हाला शिकवताना ते त्यांना सरळ मराठी नावं द्यायचे. त्या दिवशीचा डाव मनगटफेकीचा. जपानीत त्याला कोते-गाएशी म्हणतात. समोरच्याचा हात धरायचा, मनगट बाहेरच्या बाजूला वळवून दुमडायचं, की माणूस त्या वळणामागे आपोआप जमिनीवर येतो. मग त्याला पालथा करायचा, हात सरळ वर धरायचा आणि मनगट दाबून जागेवर अडकवून ठेवायचा. दुखायला लागलं की खालच्या माणसानं मोकळ्या तळहातानं गादीवर दोनदा थोपटायचं. थोपटलं की सोडायचं. पहिल्या दिवशी पडायला शिकवायच्याही आधी सर हे शिकवायचे.

जूनच्या शेवटी नाशिकला ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. परीक्षक मुंबईहून येणार होते. परीक्षेला जोडीनं जायचं असतं. एकानं पाडायचं, दुसऱ्यानं पडायचं, मग उलट. आमच्या क्लासमधून माझी आणि सिस्टरची जोडी ठरली होती. मला त्या बेल्टची फार गरज होती. आयटीआय करून मी दोन वर्षं एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळत होतो. जळगावजवळच्या एका निवासी शाळेनं सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा, मुलांना स्वसंरक्षण शिकवायला तुम्हाला घेतो. राहणं, जेवण, पगार. घरी आईनं शेजारणींना सांगूनही टाकलं होतं की आमचा दिगू मास्तर होणार.

तर माझी पाळी आली. सिस्टरनी उजवा हात पुढे केला. मी तो धरला, वळवला, त्या व्यवस्थित पडल्या. मी त्यांना पालथं केलं, हात वर घेतला, मनगट दुमडलं. त्यांनी डाव्या हातानं गादीवर दोनदा थोपटलं.

हाड मोडल्याचा आवाज वगैरे काही झाला नाही. माझ्या बोटांनाच कळलं, आत काहीतरी सरकलं म्हणून. सिस्टरच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. मी हात सोडला. त्या उठून बसल्या, उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, जसं वॉर्डात एखाद्या पेशंटच्या हाताकडे बघत असतील.

सर धावत आले. “काय झालं?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, कुणास ठाऊक. त्याआधीच सिस्टर म्हणाल्या, “माझंच चुकलं सर. पडताना हात अंगाखाली आला.”

“दिगंबर?”

“हो सर,” मी म्हणालो. “हात खाली आला त्यांचा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्यांनी पाणी मागवलं. सिस्टरनी स्वतःच मुलींकडून एक ओढणी आणि वर्तमानपत्र मागून घेतलं, वर्तमानपत्र घडी करून मनगटाखाली धरलं आणि मला म्हणाल्या, “ओढणीनं बांध. घट्ट नको. अशी तिरकी घे.” मी बांधलं. गाठ दोनदा चुकली, ती त्यांनीच सांगून नीट करून घेतली.

एक्सरेत बारीक चीर निघाली. पाच आठवडे प्लास्टर.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. काहीतरी न्यायला हवं म्हणून केळी घ्यायला निघालो होतो, पण आमच्या भागात आजाऱ्याला केळी नेली तर लोक हसतील. मळ्यात सडत असतात. म्हणून मोसंबी घेतली. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. सिस्टरचे मिस्टर मालगाडीवर गार्ड होते, चार-चार दिवस बाहेर असायचे. घरात सत्ता सासूबाईंची.

“ये भाऊ, बस. तू दवाखान्यातला का?”

“क्लासमधला,” मी म्हणालो.

“बरं बरं. काय सांगू तुला, त्या दवाखान्यात फरशी पुसतात आन् तशीच ओली ठेवतात. बाई घसरली, हात मोडून बसली. कोणाला आहे का त्याचं काही? आता भाकरी मी थापते, या वयात.”

मी सिस्टरकडे बघितलं. त्या शांतपणे डाव्या हातानं मोसंबी सोलायचा प्रयत्न करत होत्या. म्हणजे घरीही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मी हळूच म्हणालो, “सिस्टर, तुमचे उपकार झाले माझ्यावर. तुम्ही माझ्यासाठी—”

“चहा घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “आणि ही सोलून दे. एका हातानं जमत नाही.”

मी मोसंबी सोलली, चहा प्यायलो आणि बाहेर पडलो तेव्हा मला अगदी हलकं वाटत होतं. खरंच सांगतो. बाईचं मन मोठं, त्यांनी आपल्याला सांभाळून घेतलं, प्रकरण मिटलं. सायकलवर शीळ घालत घरी गेलो मी.

क्लासमध्ये सर मला काहीच बोलले नाहीत. फक्त त्यांनी मला डाव करू देणं बंद केलं. “जोडीदार नाही ना तुला आता,” ते म्हणाले. “मग तू पड. ज्याला ज्याला शिकायचंय त्याच्यासमोर उभा राहा आणि पड.” तेव्हापासून रोज मी पडत राहिलो. कॉलेजच्या मुलींनी मला पाडलं, बँकेतल्या झोपे साहेबांनी पाडलं, आठ दिवसांपूर्वी नाव घातलेल्या माणसांनीसुद्धा पाडलं. त्यांना डाव धड यायचा नाही, चुकीच्या जागी ओढायचे, मनगट पिरगाळायचे. मी थोपटायचो. बहुतेक जण झटकन सोडायचे. एकजण मात्र होता, रेल्वेतलाच, तो थोपटल्यावरही किंचित दाबून बघायचा आणि मग हसून सोडायचा. त्याला काही वाटायचं नाही. मी मात्र त्याच्यासमोर उभं राहायची वेळ आली की रांगेत मागे सरकायला लागलो. रात्री अंथरुणात पडलं की तो हसतो कसा, तेच डोळ्यांसमोर यायचं. मग एके दिवशी सकाळी आरशात दाढी करताना मला तसंच हसू यायला लागलं, म्हणजे त्याची नक्कल करायला गेलो आणि ती फार सहज जमली. मी वस्तरा खाली ठेवला. त्या दिवशी क्लासला गेलो नाही.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले असताना सिस्टर परत आल्या. प्लास्टर निघालं होतं. मनगट वाळून अर्ध्यावर आलं होतं आणि अंगठ्याच्या बाजूनं किंचित तिरपं झालं होतं. हॉलमध्ये आल्यावर त्यांनी नेहमीसारखी दारात मान झुकवली, केस बांधले आणि गादीवर आल्या.

“डॉक्टर काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“हळूहळू सुरू करा म्हणाले.”

“तू नव्यांना पडायला शिकव काही दिवस. नाहीतर दिगंबरच्या जागी दुसरा कोणी घ्यायचा का?”

“नको सर. दिगंबरच असू दे.”

हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. बाकीचे आपापल्या जोड्यांत होते. सिस्टरनी उजवा हात पुढे केला. तोच.

“धर,” त्या म्हणाल्या.

मी धरला. म्हणजे नुसता हातात घेतला. वळवला तर तो कापसासारखा हलका लागला आणि मी मध्येच थांबलो.

“हे काय? आजाऱ्याची नाडी बघतोयस का?”

“सिस्टर, डावा द्या ना.”

“डावा शाबूत आहे. त्याला काय शिकायचंय? नीट धर.”

मी पुन्हा धरला. पुन्हा थांबलो. माझ्या कपाळावरचा घाम त्यांच्या हातावर पडला आणि मी एकदम बोलून गेलो, “मला ऐकू आलं होतं.”

“काय?”

“तुम्ही थोपटलं होतं. दोनदा. मला ऐकू आलं होतं, तरी मी दाबलं. मुली हसल्या होत्या म्हणून. सर बोलले म्हणून. मला वाटलं, एक क्षण. एकच क्षण.”

“माहीत आहे मला,” सिस्टर म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना काही. “हातातला हात काय करतोय ते कळतं दिगंबर. तुझी बोटं थांबली होती. मग पुन्हा निघाली.”

“मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं? माझ्यासाठी एवढं—”

“तुझ्यासाठी?” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघितलं. “तुझ्यासाठी कशाला सांगेन मी खोटं? मला सांगितलेलं आहे घरी, एकदा जरी लागलं तरी क्लास बंद. सरांना कळलं असतं तर सर दुसऱ्या दिवशी माझ्या घरी माफी मागायला आले असते. ओळखते मी त्यांना. मग संपलंच. मला इथे यायचं होतं, म्हणून बोलले.”

माझे कान तापले होते. महिनाभर मी ज्या मोठेपणाखाली सुखानं वावरत होतो, तो माझ्या वाट्याचा नव्हताच.

“तू तीन वर्षं माझ्याबरोबर डाव करतोयस,” त्या म्हणाल्या. “मी इथे का येते, विचारलंस कधी?”

नव्हतं विचारलं.

“पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटी होती माझी. पाच वर्षं झाली. एका पेशंटचा भाऊ पिऊन आला. सलाईन संपलं होतं, बदलायला वेळ लागला म्हणून त्यानं माझा हात धरला. हाच. आणि ओढत नेलं मला, खाटेपासून दारापर्यंत. वीस-बावीस माणसं होती वॉर्डात. मी त्याला सोडा म्हटलं. एकदा हळू म्हटलं, एकदा ओरडून. त्याला ऐकू येत होतं रे. डोळ्यांत दिसत होतं त्याच्या, की ऐकू येतंय.” त्यांनी मनगट एकदा चोळलं. “मग वॉर्डबॉय आला आणि त्यानं सोडवलं. काही मोडलं नव्हतं माझं. नुसती बांगडी फुटली. पण त्यानंतर मला कोणी हात लावला की अंग आकसायला लागलं. पेशंटनं धरला तरी. घरी नवऱ्यानं धरला तरी. हे कोणाला सांगणार? मग सरांच्या क्लासची पाटी बघितली. इथे पहिल्या दिवशी सर म्हणाले, थोपटलं की सोडायचं. मी रोज यायला लागले ते पाडायला शिकायला नाही. इथे रोज माझा हात कोणीतरी धरतं आणि मी थोपटलं की सोडतं. चार वर्षं तेवढ्यानं मी बरी होत होते.”

पलीकडे कोणीतरी पडलं, गादी धप्प वाजली. सर लांबून आमच्याकडे बघत होते, पण आले नाहीत.

“आता धर,” सिस्टर म्हणाल्या. “खरा धर. अर्धवट धरलास तर मला काही कळायचं नाही. तू पूर्ण दाबायचं आणि मी थोपटलं की सोडायचं. आज नाही जमलं तर मी उद्यापासून येणार नाही. हाड जुळलंय, पण त्याचा मला काही उपयोग नाही.”

मी धरला. वळवला. त्या पडल्या. पालथं केलं, हात वर घेतला, मनगट दुमडलं आणि दाबलं. बोटांखाली मला नुसतं हाड लागत नव्हतं. एकेक शीर, त्यांचा श्वास, खांद्यातली भीती, सगळं लागत होतं. त्यांनी थोपटलं. मी सोडलं.

त्या उठल्या. चेहरा पांढरा पडला होता. “परत.”

परत धरला. या वेळी त्यांनी थोपटायला जरा उशीर केला. सोडलं.

“परत.”

किती वेळा झालं, मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्या आधीच्यापेक्षा उशिरा थोपटायच्या, आणि दर वेळी मला वाटायचं की आता त्या थोपटणारच नाहीत. शेवटी शेवटी तर त्या थोपटायच्या आधीच, थोपटायचं मनात आलं की मला कळायला लागलं. सातचा भोंगा झाला तेव्हा आम्ही दोघंही घामानं निथळत होतो. सिस्टर गादीवर बसल्या, गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडल्या. मी तिथेच बसून राहिलो. हात लावावा असं वाटलं, पण लावला नाही.

क्लास संपताना सगळे रांगेत बसतात. मी उभा राहिलो आणि जे झालं होतं ते सांगितलं. वॉर्डाचं नाही, ते माझं नव्हतं. फक्त एवढंच, की सिस्टरचा हात अंगाखाली आला नव्हता, त्यांनी थोपटलं होतं आणि मी सोडलं नव्हतं. मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. सिस्टरच्या परवानगीशिवाय सांगितलं असं नाही. आधी त्यांना विचारलं होतं. “सांग,” त्या म्हणाल्या होत्या, “फक्त सरांना म्हणावं, माझ्या घरी जायचं नाही.”

सर म्हणाले, “बस खाली.” नंतर हॉलला कुलूप लावताना मला एकट्याला म्हणाले, “मला त्याच दिवशी शंका आली होती. परीक्षेला तुझं नाव मी पाठवलेलंच नाही. सिस्टरचं पाठवलंय. तू पडायला जा त्यांच्याबरोबर. येशील?”

“सर, त्या शाळेची नोकरी—”

“ठाऊक आहे मला.”

मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. घरी जाऊन मी ताट सरकवून दिलं, आईशी भांडलो. ती शाळेची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. पण नाशिकला मी गेलो. दिवसभर पडलो. सिस्टर ब्लॅक बेल्ट झाल्या. बेल्ट घेऊन त्या सरळ घरी गेल्या आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं, हात कुठे मोडला तेसुद्धा. तीन दिवस घरात अबोला होता म्हणे. चौथ्या दिवशी सासूबाईंनीच पहाटे पाचला उठवलं, “जायचं नाही का आज?” म्हणून.

त्यानंतर सिस्टरची बदली दौंडला झाली. मी दुकानातच राहिलो आणि सकाळी सरांच्या हाताखाली नव्यांना पडायला शिकवत राहिलो. दोन वर्षांनी एक दिवस सर म्हणाले, “तुझं नाव पाठवतोय या वर्षी. पडायला कोणाला नेणार?”

मी दौंडला पत्र टाकलं. विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून नुसतं परीक्षेची तारीख कळवली. उत्तर आलं नाही. परीक्षेच्या दिवशी मी नाशिकला झोपे साहेबांना घेऊन गेलो, तर हॉलच्या पायऱ्यांवर सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पांढरा ड्रेस. “रजा मिळेल की नाही, नक्की नव्हतं,” त्या म्हणाल्या.

परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते, जाड भिंगाचा चष्मा, फार कमी बोलणारे. त्यांनी माझे सगळे डाव बघितले. मनगटफेक तीन वेळा करायला लावली. मग खूण करून आम्हाला थांबवलं, जवळ आले आणि सिस्टरचा उजवा हात बघून म्हणाले, “हे मनगट तिरपं आहे. मोडलं होतं का?”

“हो.”

“कशानं?”

सिस्टर काही बोलायच्या आत मी म्हणालो, “माझ्याकडून सर. थोपटल्यावरही मी सोडलं नव्हतं.”

परीक्षकांनी चष्मा काढला. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “आणि तुम्ही आज मुद्दाम येऊन यालाच तो हात देताय? भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” तायडे सिस्टर म्हणाल्या. त्यांनी हात पुन्हा माझ्यापुढे धरला. “पण हा सोडतो.”